वांगी रंगाचा झब्बा

"सार, हे कापड ताणतंय," देवाप्पा टेलर म्हणाला. कापडाचं एक टोक त्याने चिमटीत धरून ओढलं आणि सोडून दिलं. "रेशीम हाय, पण वीण बनियनची. एक ट्रायल बघायला लागतंय. स्वल्प टाइम द्या."

एवढ्यावरून दामोदरपंतांचं डोकं फिरलं.

"ताण म्हणजे काय, ते तू मला शिकवणार?"

दामोदरपंतांची सगळी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलादाचे तुकडे तुटेपर्यंत ओढण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर ओढायला पोलाद उरलं नाही, तेव्हापासून ते समोर येईल त्याला ओढत असत. वॉचमन, प्लंबर, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळे त्यांच्या मते नालायक होते. देवाप्पा हुबळीकडचा, तोडकंमोडकं का होईना पण मराठी बोलायचा. दामोदरपंतांचं कन्नड मात्र बेंगळुरात उभी हयात काढूनही 'स्वल्प'पाशीच अडकलेलं होतं, आणि त्याची त्यांना लाज नव्हती, अभिमान होता.

"अहो, घेऊ द्या ना ट्रायल," शुभदाताई म्हणाल्या. ते मोतिया रंगाचं, लोण्यासारखं मऊ रेशीम त्यांनीच एका प्रदर्शनातून हौसेने आणलं होतं. लेकीच्या, प्रांजलीच्या, अजिंक्यशी होणाऱ्या साखरपुड्यात नवऱ्याने त्याचा झब्बा घालावा अशी त्यांची इच्छा होती. "साखरपुड्याला अजून महिना आहे. घाई कसली?"

"प्रश्न घाईचा नाही, शुभदा. पात्रतेचा आहे." दामोदरपंतांनी कापडाची घडी काखेत मारली. "शिवण्यात एवढं असतं काय? पुढचा तुकडा, मागचा तुकडा, दोन नळ्या आणि डोकं घालायला एक भोक."

"आणि आत माणूस," शुभदाताई म्हणाल्या.

पण तोवर दामोदरपंत व्हाइटफील्डच्या रहदारीत घुसलेही होते.

घरी आल्यावर त्यांनी संगणकावर झब्ब्याचं रेखाचित्र काढलं. तिन्ही बाजूंनी. ते छापून भिंतीला चिकटवलं आणि प्रांजलीला बोलावून दाखवलं. ती ऑफिसच्या कॉलवर होती. कान झाकत तिने चित्राकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाबा, ही पाण्याची टाकी आहे का?"

कापायला घेतल्यावर कळलं, की हे कापड सभ्य कापडासारखं पडून राहत नाही. एका बाजूला सरळ करावं तर दुसरीकडून सरकायचं. कात्री फिरली की कडा तळलेल्या पापडासारख्या वळायच्या. दामोदरपंतांनी चारी कोपऱ्यांवर कुकर, खलबत्ता, इस्त्री आणि शुभदाताईंची तानपुऱ्याची पेटी ठेवली, आणि मधलं जे काही हाती लागलं ते कापलं. पुढचा तुकडा मागच्यापेक्षा लांब झाला. "हरकत नाही," ते म्हणाले, "पुढे पोट असतं."

मशीन होती शुभदाताईंच्या माहेरची, पायाची. तिने जन्मभर पडद्यांना आणि परकरांना टिपा मारल्या होत्या. असलं लवलवतं रेशीम तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिची सुई त्या विणीत शिरायची, पण दोरा न पकडताच बाहेर यायची. चार टाके पडले की पुढचे तीन गायब. मग मशीन एकदम जागी व्हायची आणि कापडाचा कोपरा गपकन गिळायची.

"तुझ्या माहेरची आहे, म्हणून गप्प बसलोय," दामोदरपंत कापड मशीनच्या तोंडातून ओढून काढत म्हणाले.

"तिच्यावर मी प्रांजलीची सगळी झबली शिवली. तेव्हा नीट चालायची."

"झबली आणि झब्बा यात फरक आहे."

"हो ना. झबल्यात निदान बाळ मावायचं."

दामोदरपंतांनी शेवटी आपल्या शास्त्राचा आधार घेतला. कापड पुढे जात नाही ना, मग ते मागून ओढायचं. ते जितकं ओढत तितकं कापड येत होतं. सोडलं, की शिवणीच्या लाटा व्हायच्या. बगलेतून निघालेली शिवण कमरेला जायच्या ऐवजी पोटाकडे फिरायला जायची. ती वाकडी गेली म्हणून तिच्या शेजारून दुसरी, ती चुकली म्हणून दोन्हींना छेदून तिसरी. असं करत करत आठवडाभराने झब्बा उभा राहिला. त्यांनी तो अंगात घालून आरशासमोर चार पावलं मागे जाऊन पाहिला. मोतिया कापडावर पांढरा दोरा, त्यामुळे लांबून काहीच दिसत नव्हतं. आणि आपलं काम दामोदरपंत नेहमी लांबूनच बघत.

"बघ," ते शुभदाताईंना म्हणाले. "तो देवाप्पा ट्रायल मागत होता."

खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती. पण प्रांजली ऑफिसातून आली, तिने झब्बा बघितला आणि पर्स खाली ठेवण्याआधीच म्हणाली, "पांढरा? बाबा, अजिंक्यचे आप्पाजी पांढराच घालणार आहेत. ते जन्मात दुसरं काही घालत नाहीत. तुम्ही दोघं शेजारी उभे राहिलात तर लोक वाढपी समजून तुमच्याकडे पाणी मागतील."

मग झब्बा रंगवायचं ठरलं. दामोदरपंतांच्या मनात एक धुरकट जांभळा रंग होता. बघताक्षणी माणूस विचारी वाटावा, असा. त्यांनी रेशमाचा रंग मागवला, हातात लांब रबरी मोजे चढवले, आणि घरातलं सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर चढवलं. ते शुभदाताईंचं पुरणाचं पातेलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. शुभदाताईंच्या आलं, पण तोवर पाणी उकळत होतं आणि घरभर व्हिनेगरचा वास सुटला होता.

"पाकिटावर लिहिलंय त्याच्या दुप्पट का घालताय?" त्यांनी नाकाला पदर लावून विचारलं.

"सुरक्षिततेसाठी. आमच्या कारखान्यात सगळं दुप्पट धरायचो."

"म्हणूनच बंद पडायला आलाय तो."

रेशीम हे पाण्यातला रंग हावऱ्यासारखं पितं. दामोदरपंत चष्म्यावरची वाफ पुसेपर्यंत झब्ब्याने पातेल्यातला सगळा रंग ओढून घेतला होता, आणि खाली नुसतं गरम, निर्मळ पाणी उरलं होतं. चिमट्याने त्यांनी झब्बा वर उचलला. तो धुरकट नव्हता आणि विचारीही दिसत नव्हता. तो भरताच्या वांग्याच्या रंगाचा झाला होता.

त्याहून वाईट म्हणजे, दोरा पांढराच राहिला होता. दोरा होता पॉलिस्टरचा, आणि रेशमाचा रंग पॉलिस्टरला शिवतसुद्धा नाही. आठवडाभर मोतिया कापडात दडून बसलेल्या दामोदरपंतांच्या सगळ्या वाकड्यातिकड्या टिपा आता वांगी रंगावर शुभ्र होऊन उठल्या होत्या. एकीवर दुसरी, दुसरीला छेदून तिसरी, मधेच सुटलेली, मधेच गोल फिरून आलेली.

"पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या गल्ल्यांचा नकाशा वाटतोय," शुभदाताई म्हणाल्या. "कारखाने कुठे दाखवलेत?"

 झब्बा दामोदरपंतांनी तसाच निथळता, बाल्कनीत हँगरला लटकवला. ओलं रेशीम जड असतं आणि विणीचं कापड वजनाला लगेच शरण जातं, हे त्यांना माहीत असायला हवं होतं, कारण जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. संध्याकाळी येऊन बघतात तो झब्ब्याचा झगा झाला होता. बाह्या गुडघ्यापर्यंत आणि घेर जमिनीवर.

प्रांजलीने त्याच्याभोवती एक फेरी मारली. "बाबा, तुम्ही हा घालणार आहात की यात राहायला जाणार आहात?"

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी व्याही आले. अजिंक्य बोम्मसंद्र्याला दोन मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा, तिथे आईवडिलांची सोय होणं शक्य नव्हतं. म्हणून आप्पाजी आणि तानूबाई मुलीच्याच घरी उतरले. आप्पाजी बेळगावाजवळचे, गुळाचे व्यापारी. उंचीला दारात वाकणारे आणि रुंदीला दारात थबकणारे. बोलायचे कमी. तानूबाई त्यांच्या वाटणीचंही बोलत. आल्या आल्या त्यांनी आप्पाजींचा साखरपुड्यासाठी आणलेला पांढरा सदरा बॅगेतून काढला. प्रवासात त्याला लोणच्याचं तेल लागलं होतं.

"वॉशिंग मशीनला टाकू काय वो, ताई?"

"टाका की. दुपारी लावते मी," शुभदाताई म्हणाल्या आणि हॉलच्या सजावटीचं बघायला खाली क्लबहाउसात गेल्या.

दुपारी सगळे जेवून लवंडले. दामोदरपंतांना झोप नव्हती. त्यांना अचानक सुचलं, की जे ताणाने वाढतं ते उष्णतेने आटायलाच पाहिजे. त्यांनी झगा मशीनमध्ये कोंबला, पाणी सगळ्यात गरम ठेवलं आणि बटण दाबलं. आत आधी काही आहे का, हे बघितलं नाही. आत बघणं हे त्यांच्या मते मशीन बनवणाऱ्याचं काम होतं.

मशीन थांबली तेव्हा शेजारी नेमक्या तानूबाई उभ्या होत्या. त्यांनी झाकण उघडलं, आपल्या नवऱ्याचा सदरा बाहेर काढला आणि तशाच उभ्या राहिल्या. सदऱ्यावर फिकट जांभळे ढग उतरले होते. पाठीवर एक मोठा, कॉलरवर दोन छोटे.

"अगं बाई! उद्या हे काय घालणार?" त्या ओरडल्या. घर गोळा झालं. आप्पाजीही उठून आले. तानूबाईंनी मशीनमधून तो वांगी ऐवज ओढून काढला. "आणि हे कुणाचं वो? कुणी शिवलंय हे? कुणी रंगवलंय?"

प्रांजलीने बापाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलीच्या सासऱ्याचा एकुलता एक समारंभाचा सदरा, उद्या सकाळी साखरपुडा, आणि व्याह्यांच्या नात्यातली दोन गाड्या भरून माणसं बेळगावहून निघालेली.  सबंध आयुष्यात 'माझं चुकलं' हे दोन शब्द दामोदरपंतांच्या तोंडून कधी निघाले नव्हते. आता ते निघतील कसे?

"शिंप्याने," ते म्हणाले.

शुभदाताईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"देवाप्पा म्हणून आहे एक. महाचोर. रेशीम दिलं त्याला, तर त्याने हे ध्यान करून दिलं. कच्चा रंग! वाकड्या टिपा! अशा माणसांना हातात सुई धरू देता कामा नये." रंगात येत त्यांनी देव्हाऱ्याकडे हात केला. "देवाशपथ सांगतो, इतका भिकार कारागीर मी पाहिला नाही."

"मीही नाही," शुभदाताई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या सदऱ्याची शोधाशोध सुरू झाली. अजिंक्यने सगळ्या मॉलमधून फोन केले. आप्पाजींच्या मापाचं काही कुठे नव्हतं. दामोदरपंतांचे सदरे त्यांच्या एका दंडात अडकत होते. शेवटी तानूबाई म्हणाल्या, "हे तरी घालून बघा की वो." गरम पाण्याने झब्बा लांबीला आटला होता, पण रुंदीला सैलावून पसरला होता. आप्पाजींनी तो डोक्यावरून घातला. ताणत, सरकत, कुठेही न अडता तो त्यांच्या अंगावर बसला. त्यांनी हात वर केले, खाली केले, एकदा वाकून बघितलं.

"काखेत काचत नाही की ग हा," ते म्हणाले. लहानपणापासून त्यांना प्रत्येक सदरा काखेत काचत आला होता. 

दुसऱ्या दिवशी साखरपुड्यात सगळ्यांचं लक्ष आधी मुलीकडे गेलं आणि मग आप्पाजींकडे. वांगी रेशमावर पांढऱ्या टाक्यांची ती दाट गुंतागुंत, आणि तो घालणारा असा डोंगरासारखा माणूस. बेळगावच्या बायका जवळ येऊन बाही चिमटीत धरून बघत होत्या.

"कसूतीची कशिदाकारी हाय काय ही? हाताची?"

"आमच्याकडं अशी नसतंय. ही नवीनच दिसतंय."

"बेंगळुरात कारागीर हायत बघा."

प्रांजलीच्या ऑफिसातल्या मुली आप्पाजींबरोबर फोटो काढून घेत होत्या. एकीने तर दामोदरपंतांनाच बाजूला व्हायला सांगितलं, कारण त्यांच्या जुन्या करड्या कोटाने फोटोतला रंग बिघडत होता. कडेला उभं राहून दामोदरपंत ऐकत होते. आपल्या हातून घडलेल्या वस्तूचं कौतुक आयुष्यात प्रथमच त्यांच्या कानावर येत होतं, आणि त्यातला एकही शब्द त्यांच्या नावावर जमा होत नव्हता.

न राहवून ते आप्पाजींजवळ गेले. "छान दिसतोय. तशी मूळ कल्पना माझी होती बरं का."

"तुमची?" आप्पाजी म्हणाले. "काल किती शिव्या घातल्या वो त्या गरिबाला!" मग थोडं थांबून म्हणाले, "लग्नात मला असलाच पाहिजे. उद्या जाऊया त्याच्याकडं."

"तुम्ही कशाला उन्हात? मी सांगतो ना त्याला."

"माप द्यायचं हाय. आणि कलावंताकडं स्वतः जायला पाहिजे."

आप्पाजी बोलले म्हणजे झालंच, हे तानूबाईंनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते दोघं निघाले. आप्पाजींच्या अंगात झब्बा होता आणि हातात पिशवी. दामोदरपंतांनी दोन चुकीच्या गल्ल्यांमधून रिक्षा फिरवून बघितली. शेवटी रिक्षावाल्यालाच कंटाळा आला आणि त्याने आपण होऊन देवाप्पाच्या दारात आणून सोडलं. दुकान बंद असावं अशी दामोदरपंतांची प्रार्थना होती. दुकान सताड उघडं होतं.

आप्पाजी आत शिरले, देवाप्पाशी कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलले आणि पिशवीतून नारळ आणि जरीची शाल काढली. काय चाललंय ते दामोदरपंतांना कळेना. 'स्वल्प' हा शब्द त्यात कुठेच आला नाही. देवाप्पाने एकदा झब्ब्याकडे पाहिलं, एकदा शालीकडे पाहिलं. मग पुन्हा शालीकडे पाहिलं.

"हौदु सार, व्हय," तो उठून उभा राहत म्हणाला. "आमचाच माल. आता काय सांगू, स्पेशल डिझाइन हाय. सगळ्यांना करून देत नाही मी."

आप्पाजींनी शाल त्याच्या खांद्यावर घातली. देवाप्पाने मान वाकवली. शेजारच्या पानवाल्याने टाळ्या वाजवल्या.

आणि दामोदरपंतांचा बांध फुटला.

"खोटं बोलतोय हा! तो झब्बा मी शिवलाय! मी! सगळा आठवडा बसून! रंगवलाही मीच!"

देवाप्पाने शाल नीट सारखी केली. "सार कापड घेऊन आलते की माझ्याकडं. आठवतंय मला. बनियनची वीण. मीच बोललो ताणतंय म्हणून."

"पण दिलं नव्हतं तुला!"

"व्याही," आप्पाजी शांतपणे म्हणाले, "परवा तुम्ही देवाची शपथ घेऊन सांगितलासा, यानंच शिवला म्हणून."

"ती... ती शपथ वेगळी होती. थांबा, शुभदालाच विचारा." त्यांनी घाईघाईने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. "शुभदा, खरं सांग. झब्बा कुणी शिवला?"

 पलीकडून आधी तानूबाईंचं हसणं ऐकू आलं.

"असं काय करता? देवाप्पाने," शुभदाताई म्हणाल्या. "इतका भिकार कारागीर तुम्ही पाहिला नव्हता ना? मग तुम्ही स्वतः कसे असाल? आणि त्या देवाप्पाला म्हणावं, माझं पुरणाचं पातेलं घासून दे."

फोन बंद झाला. आप्पाजी अपराधी चेहरा करून बाजूला बघत होते. मुलीचा बाप, लग्नाची दगदग, वय झालेलं. माणसाचं होतं असं कधीकधी.

देवाप्पाला मात्र चेव आला होता. त्याने आपल्या मशीनसमोरचं स्टूल हाताने झटकलं. "बसा सार. दोन तुकडे देतो. एक टीप मारून दावा. आत्ताच कळतंय कुणाचा हात ते."

दामोदरपंत बसले. देवाप्पाने त्याच विणीचे दोन तुकडे समोर टाकले. मशीन विजेवरची होती आणि सुई त्याच कापडासाठी लावलेली होती. दामोदरपंतांनी श्वास रोखला. आयुष्याची सगळी अब्रू त्यांनी दोन्ही हातांच्या तळव्यांत गोळा केली, कापडावर हलकेच ठेवली आणि पाय दाबला. मशीन गुणगुणत निघाली. टाका सुटला नाही, कापड गिळलं गेलं नाही, कुठे लाट उठली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवण पट्टीने आखल्यासारखी सरळ गेली.

दामोदरपंतांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांनी दोरा तोडला, तुकडा उंच धरला आणि लहान मुलासारखे ओरडले, "बघा! जमलं! बघा!"

आप्पाजींनी तुकडा हातात घेतला. तो उजेडात धरून त्यांनी त्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग आपल्या छातीवरच्या वांगी झब्ब्यातल्या गुंतागुंतीवरून बोट फिरवलं. 

"ही सरळ हाय की वो," ते हळूच म्हणाले.

"हो! एकदम सरळ!"

"त्याचंच म्हणतोय मी. हा हात तो नव्हे." त्यांनी तुकडा परत दिला आणि दामोदरपंतांच्या खांद्यावर आपला प्रचंड पंजा ठेवला. "असली सरळ शिवण कुणीबी मारतंय. ते तसलं यायला अंगात असावं लागतंय. मनाला लावून घेऊ नका व्याही. सगळ्यांना सगळं येत नसतंय."

देवाप्पाने मोठ्या मनाने मान हलवली. गळ्यात टेप अडकवून तो आप्पाजींची छाती मोजायला उठला. जाता जाता त्याने दामोदरपंतांच्या हातातला तो तुकडा काढून घेतला, उलटासुलटा करून बघितला, आणि मशीनवर सांडलेलं तेल त्या तुकड्याने पुसून टाकलं.